विंचू कशाने उतरला?

विंचूदंशावरील महाडच्या संशोधनाची हकीकत महाराष्ट्रात आता पुष्कळांना ठाऊक आहे. डॉ. हिंमतराव बावसकर १९७६ साली तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने दगावणारी माणसे, विशेषतः मुले, त्यांनी पाहिली. पुढे त्यांचे निबंध ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकात आले, एका साध्या गोळीने मृत्यूचे प्रमाण एक टक्क्यावर आले आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून, सत्कारांतून आणि शाळांच्या व्याख्यानमालांतून ही हकीकत सांगितली जाते ती बहुधा त्यागाची कथा म्हणून: शहर सोडून खेड्यात राहिलेला डॉक्टर, रुग्णाच्या उशाशी जागून काढलेल्या रात्री, अखेर जगाने घेतलेली दखल.

ही कथा खोटी नाही. आमची तक्रार वेगळी आहे. ती ऐकून उठलेल्या विद्यार्थ्याला विचारा की, ती गोळी लागू पडते हे कशावरून ठरले? बहुतेकांना उत्तर देता येणार नाही. ‘डॉक्टर फार चांगले होते म्हणून’ असे काहीसे ऐकायला मिळेल. विज्ञानाच्या शिक्षकाने येथे थांबून चालणार नाही, कारण नेमके हेच उत्तर मांत्रिकाचा भक्तही देतो. म्हणून या लेखात कथा बाजूला ठेवून आम्ही पुरावा तपासणार आहोत.

सुरुवात मांत्रिकापासूनच करू. कोकणात विंचवाला कमतरता नाही. जांभ्या दगडाच्या फटी, पेंढ्याच्या उडव्या, जळाऊ लाकडांचा ढीग, कौलारू घराचा आढा ही त्याची वस्तीची ठिकाणे. उन्हाळ्यात आणि भातकापणीच्या हंगामात दंशाचे प्रकार वाढतात. लोकांना भीती वाटते ती मोठ्या काळ्या इंगळीची. प्रत्यक्षात जीव घेतो तो आकाराने लहान असलेला लाल विंचू. याचे शास्त्रीय नाव अनेक वर्षे ‘मेसोब्युथस टॅम्युलस’ असे लिहीत. आता ‘हॉटेंटोटा टॅम्युलस’ असेही लिहितात. लाल विंचवाच्या दंशानेही प्रत्येकाच्या जिवाला धोका होत नाही. अनेकांच्या शरीरात फारच थोडे विष जाते. दंशाच्या जागी आग होते, माणूस ओरडतो, रात्र तळमळून काढतो आणि सकाळपर्यंत बरा होतो. अशा रुग्णाच्या हातावरून कोणी कडुलिंबाची डहाळी फिरवली तर ‘विंचू उतरतो’. काहीच न करता नुसते बसून राहिले तरीही तो उतरतोच. दहांपैकी नऊ जण आपोआप बरे होणार असतील तर मांत्रिकाच्या खात्यावर नऊ यशे जमा होतात. दहावा दगावला तर ‘आणायला उशीर केलात’ असे म्हणण्याची सोय आहेच. (दहा आणि नऊ हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत.)

यात आणखी एक गोम आहे. दंशाच्या जागी असह्य वेदना होणारा रुग्ण अनेकदा सुरक्षित असतो. ज्याच्या सर्वांगात विष भिनते आहे तो कित्येकदा वेदनेबद्दल फारसे बोलत नाही. त्याला ओकारी होते, दरदरून घाम फुटतो, तोंडातून लाळ गळते आणि हातपाय थंड पडू लागतात. घरच्यांना वाटते, ओरडायचा थांबला, उतार पडला. म्हणजे मांत्रिकाचे यश मोजण्याची लोकांची फूटपट्टी, वेदना, ही मुळातच चुकीची होती.

बावसकरांच्या कामाचा पहिला आणि आमच्या मते सर्वांत भक्कम भाग येथेच आहे. १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा जो निबंध आला तो औषधाविषयी नव्हता. हृदयावर संकट येणार आहे हे आधी कोणत्या लक्षणांवरून ओळखावे, हा त्याचा विषय होता. ओकारी, भरपूर घाम, थंड पडलेले हातपाय, पुरुष व मुलगे रुग्णांत लिंगाचा ताठरपणा, ही ती लक्षणे. यांतले एकही लक्षण ओळखायला यंत्र लागत नाही; रुग्णाजवळ बसून, वेळ टिपून, एकामागून एक रुग्णांत तेच पाहावे लागते. सत्काराच्या भाषणात ज्याला ‘रात्रीचा दिवस करणे’ म्हणतात त्याचा शास्त्रीय अर्थ हा आहे: दंशाच्या कोणत्या तासाला काय घडते याचा आलेख. तो हाती आल्यावर ‘विंचू चावला’ या एकाच नावाखाली येणाऱ्या रुग्णांची धोक्यातले आणि धोक्याबाहेरचे अशी विभागणी करता आली. अशी विभागणी झाल्याशिवाय कोणत्याच औषधाची परीक्षा होऊ शकत नाही. मांत्रिकाला ती करावी लागत नाही, कारण ती केली की त्याचा धंदा बसतो.

आता विषाची क्रिया थोडक्यात पाहू. चेतातंतूच्या आवरणात सोडियमचे आयन आत घेणारी सूक्ष्म दारे असतात. संदेश जाताना ती क्षणभर उघडतात व लगेच मिटतात. विंचवाच्या विषातील प्रथिने ती मिटू देत नाहीत. परिणामी चेतातंतू संदेश पाठवीतच राहतात. आधी ओकारी, घाम, लाळ ही लक्षणे दिसतात आणि पाठोपाठ अॅड्रिनॅलिन व नॉरअॅड्रिनॅलिन यांचा शरीरात पूर येतो. यांच्या प्रभावाखाली रक्तवाहिन्या आवळल्या जातात. हातपाय थंड पडतात ते यामुळे. रक्तदाब चढतो, आवळलेल्या नळ्यांमधून रक्त ढकलता ढकलता हृदय थकते, फुप्फुसांत पाणी साठते आणि तोंडातून गुलाबीसर फेस येऊ लागतो. रुग्ण दगावतो तो बहुधा असा.

हे चित्र डोळ्यांसमोर असेल तर उपचाराची दिशा तर्काने ठरते. रक्तवाहिन्यांच्या भिंतीत ज्या ग्राहींवर, म्हणजे अल्फा ग्राहींवर, नॉरअॅड्रिनॅलिन बसते, ते अडवले तर वाहिन्या सैल होतील आणि हृदयावरचा भार उतरेल. त्या काळी दिली जाणारी स्टेरॉइडे वा अॅलर्जीविरोधी औषधे या साखळीत कोठेच बसत नव्हती. सवयीने दिली जात एवढेच. बावसकरांनी आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड हे वाहिन्या सैल करणारे औषध वापरून पाहिले. परंतु ते शिरेतून थेंबाथेंबाने द्यावे लागते आणि रक्तदाबावर सतत नजर ठेवावी लागते. तालुक्याच्या गावी ते निभणे कठीण. प्राझोसिन हे रक्तदाबावरचे औषध तोवर बाजारात आले होते. ते अल्फा ग्राही अडवते, गोळीच्या रूपात मिळते आणि स्वस्त आहे. १९८६ साली डॉ. हिंमतराव व डॉ. प्रमोदिनी बावसकर या दांपत्याने प्राझोसिनच्या वापराविषयी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले.

येथपर्यंत सारे सरळ आहे. अडचण सुरू होते ती ‘चाळीस टक्क्यांवरून एक टक्का’ या वाक्यापासून. हे वाक्य इतक्यांदा छापले गेले आहे की ते तपासावे असे कोणाला वाटत नाही. पहिली गोष्ट अशी की, प्राझोसिनपूर्व काळातील मृत्यूचा आकडा या विषयावरील लेखनात कोठे ४०, तर कोठे २५ ते ३० टक्के असा आढळतो. दुसरी अशी की, हे टक्के कशाचे? विंचू चावलेल्या सगळ्या माणसांचे नव्हेत. इस्पितळात पोचलेल्या, गंभीर लक्षणे असलेल्या रुग्णांचे आहेत. वर्तमानपत्रात हा भेद गळून पडतो आणि वाचकाचा समज होतो की कोकणात विंचू चावलेल्या दर पाच माणसांतली दोन मरत असत. तसे असते तर मांत्रिक एक हंगामही टिकले नसते!

तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ही तुलना ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांची आहे. आधीच्या वर्षांतील रुग्णांना प्राझोसिन मिळाले नाही, नंतरच्यांना मिळाले. पण या दोन काळांत फक्त गोळीच बदलली का? रस्ते सुधारले, वाहने वाढली, महाडला विंचवावर इलाज होतो ही वार्ता पसरल्याने रुग्ण लवकर येऊ लागले असणार. कदाचित सौम्य दंशाचे रुग्णही अधिक येऊ लागले असतील, आणि तसे झाले तर मृत्यूची टक्केवारी औषधावाचूनही खाली येते. शिवाय त्याच डॉक्टरांचा हात दर वर्षी अधिक सरावाचा होत गेला. प्रयोगशाळेत आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलतो आणि शेजारी न बदललेला तुलनागट ठेवतो. तसा तुलनागट येथे नव्हता. मग हा पुरावा मांत्रिकाच्या पुराव्याहून वेगळा कसा?

याचे उत्तर देण्यासाठी कोकणाबाहेर जावे लागेल. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धातील लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. सीमेवरच्या बनगाव येथे कॉलऱ्याची साथ होती आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा व ग्लुकोज यांचे पाण्यातील द्रावण नातेवाइकांकरवी रुग्णांना पाजण्याचा निर्णय घेतला. सुमारे ३० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण त्यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांत ३.६ टक्क्यांवर आले. तेथेही तुलनागट नव्हता. मरणाऱ्या माणसांच्या रांगेत चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना साधे पाणी पाजणे कोणाला शक्य झाले असते? निबंधाच्या प्रकाशनालाही वेळ लागला आणि तज्ज्ञांनी शंका घेतल्या. तरीही तो पुरावा शेवटी टिकला. एक तर फरक फार मोठा होता. ३० आणि ३.६ यांतील अंतर रस्त्यांनी वा सरावाने भरून निघणारे नव्हते. दुसरे, आतड्यात ग्लुकोजबरोबर सोडियम शोषले जाते ही यंत्रणा प्रयोगशाळेत आधीच कळलेली होती. तिसरे, इतरांनी इतरत्र तेच केले आणि तेच दिसले.

या तीन कसोट्या मंत्राला लावून पाहाव्यात. एकही लागत नाही. प्राझोसिनला पहिल्या दोन स्वच्छ लागतात. फरक मोठा आहे, मग आधीचा आकडा ४० धरा की २५. यंत्रणा तर वर सांगितलीच. तिसरी कसोटीही लागते, कारण पुढे महाडबाहेरच्या डॉक्टरांनी हे औषध वापरले आणि विंचूदंशावरील उपचारात त्याला जागा मिळाली. म्हणून ‘प्राझोसिनने जीव वाचतात’ हे विधान आम्ही मान्य करतो. ‘चाळीसचे एक टक्का झाले ते केवळ प्राझोसिनने’ हे मात्र मान्य करीत नाही. ही दोन विधाने वेगळी आहेत हे वर्गात समजावून सांगता आले तर एक तासिका सत्कारणी लागली असे समजावे.

बनगावचे द्रावण आणि महाडची गोळी यांत एक फरकही आहे. द्रावण आईच्या हाती देता आले. बांगलादेशात १९८० पासून ‘ब्रॅक’ या संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघर जाऊन मीठ व गूळ पाण्यात मिसळायला शिकवीत हिंडल्या. प्राझोसिन असे वाटता येत नाही. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकदम उतरू शकतो, रुग्णाला आडवे ठेवावे लागते, मात्रा पुन्हा केव्हा द्यायची हे पाहायला जाणते माणूस लागते. म्हणजे ही गोळी आरोग्य केंद्रापर्यंतच जाऊ शकते आणि तेथे ती वापरणारा माणूस रात्री दोन वाजता हजर असावा लागतो. गोळी स्वस्त आहे एवढे सांगून थांबणारे लेख ही बाब सोडून देतात.

आता प्रतिविषाकडे वळू. प्राझोसिन विषाला हात लावीत नाही. विषाने जे घडवले ते परतवते. रक्तात फिरणारे विषच निकामी करावे यासाठी प्रतिविष असते. मुंबईची हाफकिन संस्था लाल विंचवाचे प्रतिविष बनवते. परंतु विंचवाच्या प्रतिविषाविषयी जगात दीर्घकाळ वाद होता. ब्राझील व मेक्सिकोतील डॉक्टर त्याच्या बाजूचे. उलट ट्युनिशियात ८२५ रुग्णांवर झालेली चाचणी १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आली; कोणाला प्रतिविष व कोणाला नुसते द्रावण मिळाले हे रुग्णालाही ठाऊक नव्हते व डॉक्टरांनाही नव्हते. सरसकट दिलेल्या प्रतिविषाचा काही उपयोग दिसला नाही. पुढे २००९ साली अमेरिकेतील अॅरिझोनात गंभीर दंशाच्या अवघ्या १५ मुलांवर चाचणी झाली. प्रतिविष मिळालेली आठही मुले चार तासांत बरी झाली. न मिळालेल्या सातांपैकी एकच. ८२५ विरुद्ध १५! मोठा आकडा जिंकला असे कोणी म्हणेल, पण तसे नाही. ट्युनिशियातील बहुसंख्य रुग्ण सौम्य दंशाचे होते, ते आपोआप बरे होणारच होते. शिवाय विंचवाची जात वेगळी आणि प्रतिविषही वेगळे. (तेच अॅरिझोनातील प्रतिविष मेक्सिकोत बनलेले, मेक्सिकोत ज्या कुपीला शंभरएक डॉलर पडतात तिच्यासाठी अमेरिकेत पुढे हजारो डॉलर आकारले जाऊ लागले. गरीब देशांना मदत करणाऱ्या जगात औषधाचा प्रवास असाही उलटा होतो.)

या पार्श्वभूमीवर बावसकर दांपत्याने महाडला जी चाचणी केली ती २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आली. दुसऱ्या श्रेणीचे, म्हणजे सर्वांगाची लक्षणे सुरू झालेली पण हृदय व फुप्फुसे अजून ढासळलेली नाहीत असे ७० रुग्ण घेतले आणि यदृच्छेने ३५-३५ चे दोन गट केले. एका गटाला फक्त प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण पहिल्या गटात ८, दुसऱ्यात ३२. बरे होण्याचा सरासरी काळ अनुक्रमे सुमारे १८ तास आणि ८ तास.

या चाचणीचे आम्हांला विशेष कौतुक वाटते. ज्या गोळीवर आपले नाव झाले तिच्याहून अधिक काही लागते का, हे तपासायला त्यांनी ती गोळीच तुलनागटात ठेवली. सत्कारसमारंभात हे कोणी सांगत नाही. तरीही निबंध वाचताना दोन गोष्टी नजरेआड करता येत नाहीत. ही चाचणी उघडी होती. कोणाला काय दिले हे डॉक्टरांना ठाऊक होते आणि रुग्ण बरा झाला हे ठरवणारेही तेच. ‘हातपाय गरम झाले’ यासारख्या निर्णयात अपेक्षेचा अंश नकळत मिसळू शकतो. ८ आणि ३२ यांतला सगळा फरक तसा आला असेल असे आम्हांला वाटत नाही, पण काही अंश आला असेल. दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. ज्यांची प्रकृती अधिक बिघडून वरच्या श्रेणीत गेली असे रुग्ण एका गटात ४, दुसऱ्यात ५. म्हणजे प्रतिविषाने रुग्ण लवकर बरा होतो हे दिसले. प्रतिविषाने गंभीर अवस्था टळते हे दिसले नाही. निबंधातील आकडे हे स्पष्ट सांगतात, मात्र त्यावर बेतलेल्या बातम्या ‘आता प्रतिविषच उपाय’ या थाटात लिहिल्या तर वाचणारा फसतो. अपुऱ्या साठ्याच्या केंद्रात प्रतिविष नाही म्हणून रुग्णाला तसेच पुढे पाठवायचे की आधी प्राझोसिन द्यायचे, हा प्रश्न या आकड्यांवर उभा आहे, आणि आमचे वाचन असे की थांबण्याला या चाचणीत आधार नाही.

राहिला प्रश्न जगाच्या दखलीचा. जगभरात दर वर्षी सुमारे १२ लाख विंचूदंश व ३,२५० मृत्यू होत असावेत असा अंदाज २००८ साली प्रसिद्ध झाला. हे आकडे सगळीकडे उद्‌धृत होतात. परंतु ते ज्या नोंदींवर उभे आहेत त्या उत्तर आफ्रिका आणि मेक्सिको येथे बऱ्यापैकी, तर आपल्याकडे तुटपुंज्या आहेत. सर्पदंशाला जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतले. विंचूदंशाच्या वाट्याला ते आले नाही. जे मोजले जात नाही त्याला निधी मिळत नाही, आणि निधी नसल्याने ते मोजलेही जात नाही. १९७६ साली बिरवाडीत एका तरुण डॉक्टरने जी वही सुरू केली तिचे महत्त्व या बाजूनेही आहे.

ज्या शिक्षकांना हा विषय वर्गात घ्यायचा असेल त्यांनी म्हसळा, श्रीवर्धन, पोलादपूर वा आपापल्या गावात वरच्या वर्गातील मुलांकरवी एक पाहणी करून घ्यावी. गेल्या काही वर्षांत विंचू चावलेल्यांना, नावे न लिहिता, पाचच गोष्टी विचाराव्यात: विंचू कोणता होता, दंश किती वाजता झाला, ओकारी-घाम-थंड हातपाय यांपैकी काय झाले, कोणाकडे नेले आणि तेथे पोचायला किती वेळ लागला. मुलांना दिसेल की बहुतेक सगळे बरे झाले, मांत्रिकाकडे गेलेलेही. मग ओकारी व घाम झालेल्यांची यादी वेगळी काढायला सांगावी. ती लहान असेल, कदाचित दोन-तीन नावांचीच, आणि दगावलेली माणसे उत्तर द्यायला नसल्याने त्यांच्याविषयी घरच्यांना विचारावे लागेल. त्या यादीत शेवटचा रकाना, पोचायला लागलेला वेळ, सर्वांत काळजीपूर्वक भरून घ्यावा. आठवणीवर विसंबू नये. एसटी कोणती मिळाली, भरती होती की ओहोटी, तर किंवा होडी चालू होती का, अशा खुणांनी तो पडताळता येतो.